मेट्रोनोमवरील वृथा आरोप

मेट्रोनोमच्या ठोक्यानें शिकणाऱ्या मुलाच्या वादनांतील भाव मरतो, असा आक्षेप स्वतःस रसिक म्हणविणारे गृहस्थ वारंवार घेतात. पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांचे पालक तो ऐकून यंत्र कपाटांत टाकतात आणि नुकसान मुलाचें होतें. म्हणून या आक्षेपाचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम यंत्र काय आहे तें पाहूं. साध्या लंबकानें सेकंदास एक ठोका द्यावयाचा तर त्याची लांबी सुमारें १ मीटर लागते. मिनिटास ४० ठोके हवे असल्यास ती सव्वादोन मीटरच्या घरांत जाते. एवढा लंबक पियानोवर कोण ठेवणार? आम्स्टरडॅम येथील विंकेल यानें १८१४ मध्यें ही अडचण दूर केली. त्यानें दांडीच्या आंसाखालीं जड वजन व आंसाच्या वर दुसरें हलकें वजन बसविलें. दोन्ही वजनें परस्परांविरुद्ध ओढीत असल्यामुळें वीतभर दांडीही संथ झुलूं लागली. वरचें वजन वर सरकविलें कीं गति मंदावते, खालीं आणलें कीं वाढते. मेल्त्सेल यानें हीच युक्ति उचलून, तीस अंकांची पट्टी जोडून, १८१५ मध्यें आपल्या नांवें पेटंट घेतलें. आज तें यंत्र फोनमध्येंही आलें आहे. काम मात्र तेंच.

आतां आक्षेपाकडे वळूं. शिकाऊ वादक सोप्या जागीं धांवतो, कठीण जागीं रेंगाळतो आणि यालाच भाव समजतो. मेट्रोनोम हा भ्रम दूर करतो. लय ज्याच्या हातीं आहे, त्यानेंच ती ताणावी वा सैल सोडावी. इतरांच्या हातून ती केवळ निसटते. बेथोव्हेननें १८१७ मध्यें आपल्या तोंपर्यंतच्या आठही सिंफनींचे मेट्रोनोम-अंक प्रसिद्ध केले. त्यास भावशून्य म्हणण्याचें धाडस हे गृहस्थ करतील काय?

मात्र यंत्रास धनी करणारेही आम्हांस मान्य नाहींत. त्याच बेथोव्हेननें ‘हॅमरक्लाव्हिअर’ सोनाटाच्या पहिल्या भागास मिनिटास १३८ ठोक्यांचा वेग सांगितला. परंतु बहुतेक वादक तो त्याहून संथच वाजवितात आणि त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाहीं. अंक वेग सांगतो, अर्थ सांगत नाहीं. आपल्याकडील तबल्याचा ठेका सम आणि खाली दाखवितो. मेट्रोनोमच्या साध्या ठोक्यास एवढेंही ठाऊक नसतें.

म्हणून मुलानें कठीण जागा आधीं संथ गतीनें बसवावी, मग गति थोडी थोडी वाढवावी. पुढें ठोके निम्मे करून मधली पोकळी स्वतः सांभाळावी. आणि शेवटीं यंत्र बंद करून वाजवावें. तें बंद केल्यावर जी लय टिकते, तीच मुलाची खरी कमाई. पालकांनीं यंत्र फेकूं नये. तें केव्हां थांबवावें, एवढें मुलास शिकवावें.