लस हवी, तसे औषधही

बँकेच्या नोकरीत कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी मी पुष्कळ गोठे पाहिले. लाळ्या-खुरकुताची लस टोचून घेतली म्हणून गुरांच्या डॉक्टरचा पत्ता विसरणारा शेतकरी एकही भेटला नाही. लस उद्यासाठी, औषध आजसाठी. माणसांच्या महासाथीत मात्र जगाने हा साधा हिशेब चुकवला.

एप्रिल २०२१ आठवा. पंचेचाळिशीच्या आतल्यांना लस खुली झाली ती १ मेपासून. त्याआधीच ज्याचा श्वास कोंडला, त्याला लस काय कामाची? देवळाली प्रवरासारख्या गावांतून राहुरी, लोणी, नगर अशी वणवण चालली होती ती खाट, प्राणवायू आणि रेमडेसिविरसाठी. टंचाई एवढी की, ११ एप्रिलला त्याची निर्यात थांबवावी लागली. दुर्दैव असे की, रुग्णालयातील रुग्णांना ते देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. उलट डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्येच ब्रिटनमधील चाचणीत दिसले होते. योग्य औषध कोणते, हे वेळेवर कळणे हाही उपचाराचाच भाग.

पण प्रत्येक रोगावर जुने, स्वस्त औषध सापडेलच असे नाही. एड्सवर तर आजही लस नाही. जीव वाचवले ते औषधांनीच. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये ती वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या पुढे होता. आपल्या १९७० च्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हते, ते फक्त प्रक्रियेवर होते, म्हणून हे जमले. २००५ मध्ये ती वाट अरुंद झाली.

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेने लस, औषधे आणि चाचण्या या सर्वांवरील पेटंटचे बंधन महासाथीपुरते सैल करण्याची मागणी केली. जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने सवलत दिली ती लशीपुरती. औषधांचे सहा महिन्यांत पाहू, असे ठरले. फेब्रुवारी २०२४ ची अबू धाबीची परिषद उलटली, तरी काही ठरले नाही.

संशोधकाला मोबदला मिळावाच. सक्तीच्या परवान्यातही त्याला स्वामित्वधन मिळते. आपल्या पेटंट कायद्याचे ९२ वे कलम आणीबाणीत असा परवाना देण्याची मुभा देते. पुढच्या साथीत सरकारने ते वेळीच वापरावे, लशीबरोबर औषधांचीही मागणी नोंदवावी आणि ती तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवावीत. आजाऱ्याच्या मुलाला एका इंजेक्शनसाठी ओळखीपाळखी शोधत फिरावे लागू नये, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.