अंगणातली काठी आणि पुस्तकातले उत्तर

मुलांनी पुस्तक पाठ केले की अभ्यास झाला, अशी समजूत आपल्या घरांतून रुजली आहे. शाळेनंतर ट्यूशन, ट्यूशननंतर गृहपाठ. आणि अंगणात काही करून पाहणे म्हणजे वेळ दवडणे! ही समजूत हटावी म्हणून आज आम्ही एक बिनखर्चाचा प्रयोग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सपाट जागी एक मीटर लांबीची सरळ काठी रोवावी. ती नीट उभी आहे ना, हे दोरीला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने पाहावे. सकाळी अकरापासून दुपारी दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावलीची रेषा ती दक्षिणोत्तर रेषा, आणि तो क्षण खरा मध्यान्ह. सूर्याकडे मात्र थेट पाहू नये.

पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते की, दुपारची सावली उत्तरेकडे पडते. आपले पूर्वज ज्या कोकणातून आले तेथे वर्षातील बहुतेक दिवस हे खरेच आहे. मॉरिशस मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 20 अंशांवर आहे. येथे बहुतेक दिवस सावली दक्षिणेकडे पडते. 21 जूनच्या सुमारास एक मीटर काठीची दुपारची सावली सुमारे 95 सेंटिमीटर असते. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा 20 जानेवारीच्या सुमारास ती जवळजवळ नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती थोडीशी उत्तरेकडे वळते. म्हणजे पुस्तक पाठ करणारे मूल या बेटावर चुकेल, आणि काठी रोवणारे बरोबर ठरेल!

आता याच्या पुढची पायरी. रत्नागिरीकडे कोणी ओळखीचे असेल तर 21 मार्चच्या आसपास एकाच दिवशी दोन्हीकडे काठी रोवावी. येथे सावली सुमारे 37 सेंटिमीटर दक्षिणेकडे भरेल, तेथे सुमारे 31 सेंटिमीटर उत्तरेकडे. कागदावर काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून काठीच्या टोकाजवळचा कोन कोनमापकाने मोजावा. येथे सुमारे 20 अंश, तेथे 17, बेरीज 37. पृथ्वीवर दक्षिणोत्तर एका अंशाचे अंतर सुमारे 111 किलोमीटर. तेव्हा आपण आणि रत्नागिरी यांच्यातील दक्षिणोत्तर अंतर झाले सुमारे 4,100 किलोमीटर. वाडवडिलांनी जहाजाने ओलांडलेला समुद्र नातवंडांनी काठीने मोजला!

ही विद्या आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सावलीच्या गणितासाठी ‘छायाव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. तो ग्रंथ 1150 च्या सुमाराचा.

आई-वडिलांना आमची विनंती एवढीच की, एक रविवार मुलांना अंगणात द्यावा आणि उत्तर आधी सांगू नये. काठी तिरकी रोवली गेली, खडा चुकला, तर रागावू नये. पुन्हा मोजायला सांगावे. परीक्षेतले गुण मोलाचे आहेतच. पण पुस्तक आणि अंगण यांची उत्तरे जुळली नाहीत, तर ‘असे का?’ हे विचारण्याचे धैर्य ट्यूशनमध्ये विकत मिळत नाही. ते घरीच मिळाले पाहिजे.