उशिराचा भुर्दंड कोणाला?

परदेशात राहणारा मराठी माणूस सुट्टीवर पुण्यात उतरला की पहिल्या दिवशी उकळलेलं पाणी मागतो आणि दुसऱ्या दिवसापासून थापा मारायला लागतो. "आमच्याकडे जर्मनीत" एवढे दोन शब्द कानावर पडले की समजून घ्यावं. गाड्या अशा की त्यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं, सरकारी कचेरीत ताटकळणं नाही, फोन केला की काम. समोर बसलेले मामा माना डोलावतात, मावशी "आपल्याकडे कधी होणार हो असं" म्हणून उसासा टाकते. हाच माणूस परत फ्रँकफर्टला पोचला की मंडळाच्या गणपतीत बरोबर उलटी टेप लावतो. "छे, इंडियाच बरं! दहा मिनिटांत कोथिंबीरसुद्धा दारात." मी हेसन राज्यात बरीच वर्षं राहतोय. ही दोन्ही भजनं मला पाठ आहेत आणि दोन्हींचा वीट आलाय.

आधी त्या घड्याळाच्या गाड्यांचं पाहू. जर्मन रेल्वे, म्हणजे डॉइचे बान, ही कंपनी शंभर टक्के सरकारी मालकीची. तिच्याच आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या. आता 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. आणि जी गाडी रद्दच झाली ती या हिशेबात धरलीच जात नाही. पेपरला न बसलेलं पोरगं नापासांत मोजायचं नाही, अशातली ही गत. स्विस लोकांनी तर हात टेकले. उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्या ते कधी कधी बाझलला सीमेवरच थांबवतात आणि पुढे स्वतःची गाडी सोडतात, कारण त्यांना आपलं वेळापत्रक नासवून घ्यायचं नाही. हे मामांना कोणी सांगत नाही.

हे झालं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. १९९४ मध्ये रेल्वेची कंपनी केली आणि पुढे तिला शेअर बाजारात उतरवायचे डोहाळे लागले. ताळेबंद गोंडस दिसावा म्हणून रूळ, सांधे, बाजूच्या मार्गिका यांच्यावरचा खर्च कापला. २००८ च्या मंदीत शेअर बाजाराचा बेत बारगळला, पण न केलेली देखभाल काही बारगळली नाही, ती साचत गेली. आता अनेक मार्गांची दुरुस्ती एकदम काढलीय, त्यामुळे गाड्या आणखी उशिरा. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला घरी पाठवलं आणि मंत्र्यांनी नवं उद्दिष्ट जाहीर केलं: २०२९ अखेर ७० टक्के. चार वर्षांनी ७० टक्के! श्टुटगार्टचं भुयारी स्टेशन २०१० पासून खणतायत, २०१९ मध्ये उघडायचं होतं, खर्च ११ अब्ज युरोंच्या वर गेला, अजून उघडायचंच आहे. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ३ जून २०१२ ला ठरलं होतं, जेमतेम चार आठवडे आधी कळलं की आग लागली तर धूर बाहेर जायची व्यवस्था धड नाही. उघडला तो ३१ ऑक्टोबर २०२० ला, तोही करोनात, विमानं जमिनीवर असताना. नवी मुंबईला २००७ मध्ये मंजुरी मिळाली आणि पहिलं प्रवासी विमान २५ डिसेंबर २०२५ ला उडालं, म्हणून नाकं मुरडणाऱ्या आमच्या अनिवासी बांधवांनी बर्लिनचं नाव निदान एकदा तरी घ्यावं.

सरकारी कचेऱ्या? आमच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात 'टर्मिन', म्हणजे भेटीची वेळ, मिळवणं हा इथल्या भारतीयांच्या गप्पांचा कायमचा विषय. इमेलला उत्तर नाही, फोन वाजत राहतो, ऑनलाइन कॅलेंडर उघडलं की सगळे चौकोन राखाडी. माझ्या ब्लू कार्डाच्या, म्हणजे इथल्या राहण्या-नोकरीच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज त्यांच्या कपाटात इतका मुरला की जुन्या कार्डाची मुदत संपली, हातात एक तात्पुरता कागद आला आणि त्या कागदाच्या भरवशावर भारतात जाऊन परत येता येईल का, हे मला तिथलं कोणीही लेखी द्यायला तयार नव्हतं. आईच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. हे सगळं त्या देशात, ज्याच्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला जाऊन सांगितलं की कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेतो. बोलावणं ९० हजारांना आणि खिडकीवर माणूस एक.

मग मी इथे का राहतो? पगार हे पहिलं कारण, त्यात लाजायचं काही नाही. पण दुसरं कारण मामांच्या दिवाणखान्यात कधीच निघत नाही, आणि खरं तर तेवढं एकच सांगण्यासारखं आहे. इथली व्यवस्था कोलमडते तेव्हा भुर्दंड नेहमी माझ्याच माथी बसत नाही.

त्याच कार्यालयाचं घ्या. सबळ कारण नसताना तीन महिन्यांत अर्जावर निर्णय दिला नाही, तर जर्मन कायद्याने तुम्ही थेट प्रशासकीय न्यायालयात दावा लावू शकता, 'हे काहीच करत नाहीत' एवढ्याच मुद्द्यावर. कार्यालय हरलं तर कोर्टाचा खर्च त्याच्यावर पडू शकतो. माझ्या ऑफिसातल्या एका तेलुगू मुलाने वकिलाकडून या दाव्याची नुसती नोटीस पाठवली आणि महिनोन् महिने निद्रिस्त असलेल्या फायलीला एकदम जाग आली. नकाराच्या पत्राखालीही ठरलेला एक परिच्छेद असतो: हा निर्णय मान्य नसेल तर कुठे, किती दिवसांत दाद मागायची. आपल्याविरुद्ध कसं लढायचं, ते कार्यालय स्वतःच लिहून देतं. पुण्यात मला आजवर "साहेब जागेवर नाहीत" एवढंच मिळालंय, तेही तोंडी.

विमानाचं तर फारच उघड आहे. युरोपियन संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सांगतो की ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबचं विमान कंपनीच्या दोषाने फार उशिरा पोचलं किंवा ऐनवेळी रद्द झालं, तर माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई. तिकीट कितीचं होतं याच्याशी संबंध नाही. "यंत्रात बिघाड होता" ही सबब युरोपियन न्यायालयाने २००८ मध्येच बहुतेक वेळा मोडीत काढली, कारण विमान धड ठेवणं हे कंपनीचंच काम. दिवाळीला घरी येताना आमचं विमान इतकं लांबलं की मुंबईहून पुण्याची गाडी, वसुबारस, सगळंच हुकलं. काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून जेवणाची कुपनं पुढे केली, नंतर कंपनीने पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देऊ केलं. ते मी नाकारलं, एक पानाचा अर्ज भरला, दोन स्मरणपत्रं पाठवली. पैसे खात्यात आले. माफीनामाही आला, तो न वाचता टाकून दिला.

त्यातही गंमत पाहा. हा नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू, कंपनी कुठलीही असो. पण मुंबईहून युरोपकडे येताना तो फक्त युरोपियन कंपन्यांना लागू. म्हणजे एकाच भारतीय कंपनीचं एकच विमान जाताना उशीर करतं तेव्हा मी ६०० युरोंचा असतो आणि येताना करतं तेव्हा त्या नियमाच्या लेखी मी कोणीच नसतो. प्रवासी तोच, खुर्ची तीच, उशीर तोच.

आणि भारतात देशांतर्गत विमान रद्द झालं तर? डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे, नाही असं नाही. उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते'! हे तीन-चार शब्द कोणत्या टेबलावर लिहिले गेले, ते सांगायला पत्रकार लागत नाही. नुसता उशीर झाला तर खाणंपिणं, सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा परतावा. तुमच्या वाया गेलेल्या दिवसाची किंमत शून्य.

डिसेंबर २०२५ मध्ये याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा, हे नियम जानेवारी २०२४ मध्येच आले होते. अंमलबजावणी लांबत लांबत, टप्प्याटप्प्याने, १ नोव्हेंबर २०२५ पर्यंत आली. देशातला साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी जिच्या विमानांत बसतो त्या इंडिगोने एवढ्या अवधीत पुरेसे वैमानिक तयार ठेवले नाहीत. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लग्नघरं विमानतळावर, बॅगांचे डोंगर, म्हातारी माणसं जमिनीवर. आणि सरकारने काय केलं? रात्रीच्या ड्युटीच्या नियमातून त्याच कंपनीला फेब्रुवारीपर्यंत सवलत दिली. तयारी केली नाही कंपनीने, भोगलं प्रवाशाने, आणि झोप गेली वैमानिकाची. ज्यांना सर्वात जास्त त्रास झाला त्यांना कंपनीने दहा हजारांची व्हाउचरं दिली, म्हणजे त्याच दुकानात परत या.

युरोप धुतल्या तांदळासारखा आहे असं कोणी समजू नये. जून २०२५ मध्ये युरोपच्या वाहतूकमंत्र्यांनी भरपाईसाठीची तीन तासांच्या उशिराची मर्यादा चार आणि सहा तासांवर न्यायचा प्रस्ताव मंजूर केला. विमान कंपन्यांच्या चकरा तिथेही चालूच असतात. फरक एवढाच की तिथे काढून घ्यायला हातात काहीतरी आहे.

आता दुसरं भजन, कोथिंबिरीचं. भारतातल्या चपळाईचं कौतुक करणारे माझे मित्र इथे रविवारी दुकानं बंद म्हणून कुरकुरतात. दुकानातल्या बाईला रविवार मिळतो म्हणून ते बंद असतं, हे त्यांच्या गावीही नसतं. तुमची दहा मिनिटं ही सामान पोचवणाऱ्या एका पोराच्या मणक्यातून आणि बाणेरच्या खड्ड्यांतून काढलेली असतात. अपघात झाला तर उशिराचा दोष त्याचा, दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचं, हात मोडला तर तोही त्याचाच. २०२५ च्या शेवटच्या दिवशी या कामगारांनी संप केला, नंतर केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कान उपटले तेव्हा कुठे जाहिरातींतली 'दहा मिनिटं' गळायला लागली. याला सेवा म्हणायची असेल तर खुशाल म्हणा. माझ्या लेखी ही बेरोजगारीवर बसून खाल्लेली मेजवानी आहे. जिथे माणूस स्वस्त तिथे सेवा झटपट असते, त्यात राष्ट्राच्या प्रगतीचा काही संबंध नाही.

आणि याच पोराला मराठी येत नाही म्हणून फ्रँकफर्टच्या सोफ्यावर बसून जे बांधव तावातावाने मोबाईलवर लिहितात, त्यांना एक विचारायचं आहे. राजेहो, तुम्हाला इथे किती वर्षं झाली आणि बेकरीत अजून बोट दाखवूनच पाव मागता ना? शेजारच्या आजी सहा महिने जर्मनमधून "नमस्कार" घालतायत, तुम्ही इंग्रजीत "हाय" म्हणून जिना चढता. मराठी टिकली पाहिजे हे मलाही वाटतं, जून २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे आदेश मागे घ्यावे लागले तेव्हा आनंदच झाला. पण पुण्यात भूमिपुत्र आणि परदेशात 'जागतिक नागरिक' ही दुटप्पी चैन फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन निवडणुकीनंतर परवडणारी नाही. त्या निवडणुकीत बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. त्यांच्या लेखी तुमचं एम.टेक. आणि सीरियन निर्वासिताचा तंबू एकाच रांगेत आहेत. तरी आमचे काही बंधू त्या पक्षाच्या भाषणांवर अंगठे उंचावतात: "आम्ही कर भरतो, ते फुकटे!" नाकाने कांदे सोलायला जर्मनीत शिकवावं लागत नाही, ते आपण घरूनच आणतो.

मामांना मी यंदा गाड्यांच्या वेळा सांगितल्या नाहीत. त्यांच्या वारस नोंदीचा अर्ज अनेक महिने अडकलाय, त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे असं चालत नसेल ना." चालतं मामा, पण आमच्याकडे कायदा आहे. आणि तुमच्याकडेही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, दोन अपिलं खात्यातच आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. मामांनी याचं नाव ऐकलं नव्हतं. कचेरीच्या भिंतीवर फलक होता म्हणे, त्याच्यापुढे कपाट ठेवलंय.

तेव्हा माझ्यासारखा कोणी सुट्टीवर येऊन परदेशाची आरती ओवाळायला लागला तर त्याला चहा द्या आणि गप्प बसवा. तुमचा अर्ज देताना तारखेची पोच घ्या. सेवेची मुदत किती, ते त्याच कागदावर लिहून घ्या. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील टाका. ओळखीचा माणूस शोधू नका, समाजमाध्यमावर मंत्र्यांना हाका मारत बसू नका. कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि तो साहेबांच्या खिशातून जातो.