टेबलातल्या ओळीचा नंबर आणि माझं गेलेलं गिऱ्हाईक



मागच्या व्हिडिओत आपण बघितलं, की रास्पबेरी पायवर तापमानाचा स्वतःचा बॉक्स बनवून कोल्ड स्टोरेजवाल्यांना विकता येतो. त्यावर बहुतेकांनी मला एकच विचारलं, डॅशबोर्ड कुठला वापरायचा? माझं मत सरळ आहे. डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी. आधी एक वही घ्या आणि टेबलातल्या ओळींना नंबर कसे देणार ते लिहून काढा. मी हे उलटं केलं आणि एक चांगलं गिऱ्हाईक घालवून बसलो.

ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉक्सवर एक छोटा प्रोग्राम चालतो, त्याला एजंट म्हणतात. ऑफिसमधला कॉम्प्युटर ठराविक वेळाने यूडीपी पोर्ट १६१ वर त्याला विचारत राहतो आणि तो उत्तर देतो. ही भाषा म्हणजे एसएनएमपी. राऊटर, स्विच, प्रिंटर, मोठे यूपीएस हीच भाषा बोलतात, त्यामुळे गिऱ्हाइकाकडे देखरेखीचं सॉफ्टवेअर आधीच असेल तर आपला बॉक्स त्यातच बसतो. विकताना हाच मुद्दा चालतो.

आता टेबल. एजंटकडची माहिती टेबलात असते, पण प्रत्येक खान्याला स्वतःचा लांबलचक पत्ता असतो. राऊटरच्या ३ नंबरच्या पोर्टवर किती बाइट आले हे विचारायचं तर पत्ता आहे १.३.६.१.२.१.२.२.१.१०.३. शेवटचा ३ म्हणजे ओळ, त्याच्या आधीचा १० म्हणजे रकाना. या ओळीच्या नंबराला इंडेक्स म्हणतात. विचारणारा कॉम्प्युटर साधारणपणे हा पत्ताच धरून बसतो. ग्राफवर ‘रूम ४’ हे नाव आपण एकदाच टाइप केलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी असे सहा सेन्सर बसवले, सहा रूमना सहा. कोड मीच लिहिला होता. लिनक्स सेन्सरची जी यादी देईल त्यातला पहिला तो १, दुसरा तो २. दोन आठवडे झकास चाललं. मग एका रात्री रूम २ ची वायर ट्रॉलीखाली तुटली आणि नंतर लाइट जाऊन बॉक्स रीस्टार्ट झाला. यादीत आता पाचच सेन्सर. रूम ३ चा नंबर झाला २, ४ चा ३, असं शेवटपर्यंत. स्क्रीनवर आलं, रूम ६ चा सेन्सर नाही. मॅनेजरनी जाऊन बघितलं, तिथे सगळं ठीक. खोटा अलार्म म्हणून सोडून दिला.

दोन दिवसांनी रूम ५ चा कॉम्प्रेसर बंद पडला. अलार्म वाजला, पण रूम ४ च्या नावाने. रूम ४ थंडगार होती. पुन्हा खोटा अलार्म. सकाळपर्यंत निर्यातीचा माल लोकल मार्केटच्या भावात गेला होता. मी बॉक्सचे सगळे पैसे परत दिले. मालक शांतपणे म्हणाले, “अहो, तुमचा अलार्म नसता तर आमची माणसं रात्री स्वतः फिरली असती.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे उपाय माझ्या हातातच होता. मी वापरलेल्या डीएस१८बी२० सेन्सरला कारखान्यातूनच ६४ बिटांचा स्वतःचा वेगळा नंबर मिळतो. आता माझ्या बॉक्समध्ये एक फाइल असते, कुठला सेन्सर कुठल्या रूमचा. ओळीचा इंडेक्स रूमचा, सेन्सरचा नाही. हे ठरवायलाही मला एक चूक करावी लागली. आधी मी इंडेक्स सेन्सरला दिला होता, मग खराब सेन्सर बदलला की नवी ओळ तयार व्हायची आणि जुना ग्राफ तुटायचा. गिऱ्हाईक पैसे रूमसाठी देतं. सेन्सर गायब झाला तरी ओळ जागेवरच राहते, फक्त स्थितीच्या रकान्यात ‘सेन्सर नाही’ येतं. उधारीच्या वहीत एखादं गिऱ्हाईक गाव सोडून गेलं म्हणून आपण पुढच्या सगळ्यांची पानं सरकवतो का?

काही जण म्हणतील, एवढ्याशा धंद्यात कशाला इतका विचार? अहो, हा प्रश्न मोठ्या राऊटरमध्येही आहे. रीस्टार्टनंतर पोर्टचे इंडेक्स बदलू नयेत म्हणून सिस्कोच्या राऊटरमध्ये खास कमांड आहे. आणि तिथे निदान नेटवर्क इंजिनियर असतो. आपल्या गिऱ्हाइकाकडे कोण असतं? रात्रपाळीचा एक माणूस.

कोड लिहिताना अजून दोन ठिकाणी ठेच लागेल. ओळी आकड्यांच्या क्रमाने द्या. अक्षरांच्या क्रमाने लावल्या तर १० हा २ च्या आधी येतो, आणि एसएनएमपीवॉक ‘ओआयडी नॉट इन्क्रीझिंग’ म्हणून मध्येच थांबतो. नऊ रूमपर्यंत हे कळतच नाही! दुसरं, इथल्या साध्या आकड्यात दशांश नसतो. ०.५ अंश पाठवायचे तर ५ पाठवा आणि ‘दशांश अंशात’ असं टेबलाच्या व्याख्येत लिहून ठेवा.

आता बॉक्स बसवून झाला की मी मालकांना समोर उभं करतो, त्यांना हवी ती एक वायर त्यांच्याच हाताने काढायला लावतो आणि बॉक्स बंद करून चालू करतो. स्क्रीनवर बरोबर त्याच रूमचं नाव आलं, की मगच उरलेल्या पैशांचं बिल काढतो.