सातबारा नाही, पासबुक म्हणा!

व्हिडिओच्या निवेदनाची स्क्रिप्ट आता आपल्यातले बरेच जण एआयकडून लिहून घेतात. पण मराठी म्हटलं की त्याला फक्त महाराष्ट्र आठवतो. शेतीवर लिही म्हटलं की सातबारा, तलाठी आलेच! बेला-जैनथच्या कास्तकाराकडे असतं पट्टादार पासबुक. व्हिडिओ ऐकून तो भलताच कागद मागत फिरला, तर जबाबदार कोण?

१९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. सीमा बदलली, कागद बदलले. बोली आजही जुळते. म्हणून चॅटजीपीटी किंवा जेमिनीमध्ये आपला स्वतःचा सहायक बनवा. सूचनांमध्ये तेलंगणातल्या योजना, कागदपत्रांची नावं लिहा. 'वावर', 'पऱ्हाटी' म्हणणाऱ्या आपल्या स्क्रिप्टा नमुना म्हणून द्या. आणि रेकॉर्डिंगआधी घरातल्या मोठ्यांना एकदा वाचून दाखवा. आपली मराठी आपणच शिकवली नाही, तर मशीन आपल्याला दुसऱ्याची शिकवेल.