किल्ल्यावरचे दोन पक्ष

लहान मुलांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये, हे मला कळते. पण गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्यावरच लढाई जुंपली, तेव्हा मला पडावेच लागले. सुट्टीला आलेल्या भाच्याने किल्ल्याच्या दरवाजावर आपला बॅटमॅन पहाऱ्याला उभा केला होता. आमच्या चिरंजीवांनी तो उचलून खंदकात टाकला. कारण काय, तर "हा किल्ला मार्व्हलचा आहे, इथे डीसीवाल्यांना बंदी!" महाराजांना आणि मावळ्यांना कुणी विचारलेच नव्हते. भाचा रडला नाही. त्याने शांतपणे आमच्या आयर्न मॅनचा हात मोडला, आणि दोघे भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलेनात.

मार्व्हल आणि डीसी ही अमेरिकेतील चित्रकथांची दोन मोठी घराणी. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन हे डीसीचे. स्पायडर मॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका हे मार्व्हलचे. डीसीने १९६० साली आपल्या वीरांची 'जस्टिस लीग' जमवली. मार्व्हलने १९६३ साली 'अ‍ॅव्हेंजर्स' उभे केले. कागदावरचे हे वीर क्वचितच समोरासमोर येत. त्यांचे भक्त मात्र एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

या भांडणाला पहिली फुंकर दुकानदारीने घातली. मार्व्हलचे संपादक स्टॅन ली मोठे हिकमती. आपण नुसते गिऱ्हाईक नसून एका मंडळाचे सभासद आहोत, असे ते वाचकाला वाटायला लावत. १९६४ साली त्यांनी तसे मंडळ काढलेही. प्रतिस्पर्ध्याची थट्टा हा त्यांचा नित्याचा विनोद. गंमत अशी, की त्या काळात मार्व्हलची मासिके विक्रेत्यांपर्यंत पोहोचवणारी संस्था डीसीच्याच मालकांची होती, आणि मार्व्हलने महिन्याला किती मासिके काढावीत यावरही तिचा अंकुश होता. ज्यांच्या नावाने शंख करायचा, त्यांच्याच गाडीतून माल पाठवायचा! मालकांना हे ठाऊक होते. भांडण खरे वाटले ते वाचकांना.

आणि वाचकांच्या हाती गेलेला विनोद पुढे विखारी झाला. २०१६ साली डीसीच्या चित्रपटांवर समीक्षकांनी टीका केली, तेव्हा परीक्षणे एकत्र करणारे 'रॉटन टोमॅटोज' हे संकेतस्थळच बंद करावे, म्हणून चाहत्यांनी सह्यांचा अर्ज काढला. २०१८ साली मार्व्हलचा 'ब्लॅक पँथर' पडद्यावर यायचा होता. त्याचे गुण पाडायचे, असा बेत काही जणांनी तो येण्यापूर्वीच फेसबुकवर उघडपणे आखला. मीही परीक्षक आहे. उत्तरपत्रिका न उघडता शून्य देण्याचे धैर्य आम्हा प्राध्यापकांनाही अजून झालेले नाही.

ज्यांनी हे वीर जन्माला घातले, त्यांना मात्र अशा सीमा नव्हत्या. कॅप्टन अमेरिका आणि 'फँटॅस्टिक फोर' यांचे चित्रकार जॅक कर्बी १९७० साली मार्व्हल सोडून डीसीकडे गेले आणि काही वर्षांनी परत आले. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले होते. उतारवयात हलाखी भोगल्यावर १९७५ साली त्यांना वर्षासन मिळाले. बॅटमॅनला घडवणारे बिल फिंगर १९७४ साली वारले. त्यांचे नाव त्याच्या निर्मात्यांत अधिकृतपणे लागले ते २०१५ साली. या माणसांसाठी भांडणारे थोडे, झेंड्यासाठी भांडणारे फार!

हे मी मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे खरा, पण माझे हात स्वच्छ नाहीत. महाविद्यालयात असताना आमचाही एक कंपू होता. नवकवितेखेरीज कशाला कविता म्हणायचे नाही, असा आमचा नियम. गेय कविता म्हटले की आम्ही नाके मुरडत असू. मला बोरकर फार आवडत. त्यांचा संग्रह मी वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीवर नेत असे आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर इतरांच्या बरोबरीने, किंबहुना चार आवाज वर चढवून, त्यांची टवाळी करत असे. त्या टवाळीने बोरकरांचे काही बिघडले नाही. माझे मात्र चार वर्षांचे मोकळे वाचन गेले.

दुसऱ्या रात्री चिरंजीव अंथरुणात कुजबुजले, "बाबा, कुणाला सांगू नकोस. मला पण बॅटमॅन आवडतो. पण वर्गात सांगितलं तर सगळे हसतात."

दहा वर्षांच्या मुलाने आपली आवड अशी चोरून ठेवावी, याचे मला वाईट वाटले. आवड ही माणसाला दुसऱ्याच्या जवळ नेते. तिचा अभिमान झाला, की ती लपवावी तरी लागते किंवा मिरवावी तरी लागते. साधेपणाने भोगता मात्र येत नाही.

मी त्याला एक खरी गोष्ट सांगितली. २००३ साली दोन्ही घराण्यांनी मिळून आपले दोन्ही संघ एका कथेत आणले. कर्ट ब्यूसिक यांनी ती लिहिली आणि जॉर्ज पेरेझ यांनी रेखाटली. पुढे ती बाजारात मिळेनाशी झाली. २०२२ साली पेरेझ कर्करोगाने आजारी होते. तेव्हा दोन्ही कंपन्यांनी संमती दिली आणि तिच्या ७,००० प्रती पुन्हा छापल्या गेल्या. त्यांचे उत्पन्न अडचणीतल्या चित्रकथाकारांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी होते. त्याच वर्षी पेरेझ गेले.

"म्हणजे दोघे एकत्र आले?" चिरंजीवांनी विचारले.

"आले."

"मग जिंकलं कोण?"

मी दिवा मालवला.

सकाळी पाहतो तो खंदकातला बॅटमॅन चिखल पुसून पुन्हा दरवाजावर उभा! शेजारी आयर्न मॅन होता. त्याचा हात थोडा वाकडाच चिकटला होता. तो कुणी चिकटवला, हे मी विचारले नाही. दोघे भाऊ फराळाच्या ताटापाशी बसून, सर्वांत चांगला खलनायक कोणाचा, यावर मोठमोठ्याने वाद घालत होते.