गुलालाआधी स्ट्रेचर आणा

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी माझ्या दवाखान्यात एक ठरलेला पेशंट येतो. दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत. घोटा टम्म सुजलेला, त्यावर गरम तेलाचे मालीश झालेले आणि मागणी एकच : "डॉक्टर, परवा मॅच आहे, एक इंजेक्शन मारा की!"

कोल्हापूरचे फुटबॉलवेड मी नव्याने सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावेच सांगतात की हा खेळ तालमींनी वाढवला. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचाच. पण मला काळजी वाटते ती लीगच्या खालच्या गटातील संघांची आणि पेठेतल्या मैदानांवरील लहान स्पर्धांची. तिथला खेळाडू दिवसभर उद्यमनगरात लेथवर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत उभा असतो. त्याचा गुडघा गेला की खेळ जातोच, शिवाय हजेरीही बुडते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सामन्यात दोन मुलांची डोकी आपटली. एक क्षणभर बेशुद्ध झाला. तोंडावर पाणी मारले, तो उठला, टाळ्या पडल्या आणि तो पुन्हा खेळू लागला. रात्री उलट्या सुरू झाल्यावर घरच्यांनी त्याला माझ्याकडे आणले. सामना संपून चार तास झाले होते आणि तो विचारत होता, "स्कोअर किती झाला?" तातडीने स्कॅनला पाठवले. सुदैवाने रक्तस्राव नव्हता. पण दर वेळी सुदैवावर कसे विसंबायचे?

२००४ साली बेंगळुरूला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ख्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी टक्कर होऊन दगावला. २०२१ साली युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या एरिक्सनचे हृदय मैदानातच थांबले. छाती दाबून व विजेचा झटका देऊन ते तिथल्या तिथे सुरू करण्यात आले. तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळला. हृदय थांबल्यावर झटका मिळायला उशीर होईल तसतशी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे मदत मैदानावरच हवी.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पुढील गोष्टी नसतील तर सामना सुरूच करू नये :

• स्ट्रेचर, बर्फाचा डबा, क्रेप बँडेज आणि १०८ ची गाडी आत येईल असे मोकळे फाटक.

• प्रत्येक मंडळात छाती दाबायला शिकलेले किमान दोघे. कोसळलेला खेळाडू हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबावे. कांदा हुंगवू नये, तोंडात पाणी ओतू नये.

• डोक्याला मार लागून भोवळ आली, तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बरळणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. अशा खेळाडूसाठी जादा बदली खेळाडू देण्याची मुभा २०२४ पासून फुटबॉलच्या नियमांतच स्पर्धांना आहे. तेव्हा 'माणूस कमी पडतो' ही सबब चालणार नाही.

आणि मुरगळलेल्या पायाला पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, शेकही नको. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा, पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. इंजेक्शनने दुखणे दबते, पण फाटलेला स्नायुबंध जुळत नाही.

"आम्ही इतकी वर्षे असेच खेळलो," असे जुने खेळाडू म्हणतात. खरे आहे. पण ज्यांचे पाय कायमचे अधू झाले, ते मैदानावर हे सांगायला येत नाहीत.

जिंकल्यावर गुलाल, हलगी, मिरवणूक सगळे व्हावे, मीही गॅलरीत असतोच. यंदा कार्यकर्ते वर्गणीला दारात आले तर जरूर द्या. फक्त पावती घेताना विचारा, "स्ट्रेचर घेतले का?"